भैंसा-मुधोळच्या शिवारात पवनचक्क्या का दिसत नाहीत? वाऱ्याच्या विजेची संपूर्ण माहिती

भैंसा : नांदेडहून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या माणसाला वाटेत बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या माळावर उंचच उंच पांढऱ्या पवनचक्क्या फिरताना दिसतात. भैंसा, मुधोळ, कुबीर, तानूर या भागातला शेतकरी त्या बघतो आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतो, की आपल्याकडे का नाहीत? वारा तर आपल्याकडेही सुटतो. आषाढात कापसाची रोपं झोपवणारा वारा, उन्हाळ्यात पत्रे उडवणारी वावधान, मग वीज का होत नाही?

याच प्रश्नाला जोडून दुसरा प्रश्न येतो. उद्या एखादी कंपनी किंवा तिचा दलाल जमीन मागायला गावात आला, तर काय बघायचं? दोन्ही प्रश्नांची उत्तरं समजून घ्यायची तर वाऱ्यापासून वीज कशी होते, किती होते आणि कुठे होते, हे आधी माहीत हवं.

पाणचक्की वेगळी, पवनचक्की वेगळी

मराठवाड्यात 'पाणचक्की' म्हटलं की औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर आठवतं. तिथे नहरीच्या पाण्याच्या जोरावर दळणाचं जातं फिरत असे. पवनचक्कीत तेच काम वारा करतो. जुन्या काळी इराणमध्ये आणि नंतर युरोपात पवनचक्कीवर धान्य दळत, पाणी उपसत. म्हणून नावात 'चक्की' राहिली. आजच्या पवनचक्कीत दळण होत नाही, फक्त वीज होते. त्यामुळे अभियंते तिला पवन टर्बाइन म्हणतात आणि गावात सरळ 'पंखा' म्हणतात.

वाऱ्यावर वीज तयार करण्याचे पहिले प्रयत्न १८८७ च्या सुमारास झाले. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ आणि अमेरिकेत चार्ल्स ब्रश यांनी आपापल्या घरी वाऱ्याच्या विजेवर दिवे लावले. पुढे डेन्मार्कमध्ये पोल ला कूर यांनी १८९१ पासून या कामाला शास्त्रीय बैठक दिली. आज डेन्मार्क आपल्या गरजेची जवळपास निम्मी वीज वाऱ्यापासून काढतो.

पंखा फिरतो, वीज कशी होते?

घरातला पंखा करंट खातो आणि वारा देतो. पवनचक्कीचं उलटं आहे. ती वारा खाते आणि करंट देते. तिचे मुख्य भाग असे :

- पाती : बहुतेक ठिकाणी तीन. फायबर ग्लासची, आतून पोकळ, विमानाच्या पंखासारख्या आकाराची. वारा पात्याच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या वेगाने जातो, त्यामुळे पात्याला उचल मिळते आणि ते फिरतं. म्हणजे वारा पात्याला नुसता ढकलत नाही.
- डोक्यावरची खोली : खांबाच्या टोकाला छोट्या खोलीएवढा डबा असतो. त्यात गिअरबॉक्स आणि जनरेटर असतो. पाती मिनिटाला साधारण दहा-पंधरा फेरेच मारतात. गिअरबॉक्स तो वेग वाढवून जनरेटरला देतो. काही बनावटींत गिअरबॉक्स नसतोच.
- तोंड फिरवणारी यंत्रणा : वारा जिकडून येईल तिकडे डोकं वळवते. पात्यांचा कोनही गरजेप्रमाणे बदलता येतो.
- खांब आणि पाया : खांब लोखंडी किंवा काँक्रीटचा. जमिनीखाली शेकडो टन काँक्रीट आणि सळ्या असतात.
- ट्रान्सफॉर्मर आणि लाईन : तयार झालेली वीज दाब वाढवून उपकेंद्राकडे नेली जाते.

वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ ते ४ मीटर झाला की पवनचक्की वीज देऊ लागते. ११ ते १३ मीटरला ती पूर्ण ताकदीने चालते. वेग २० ते २५ मीटरच्या पुढे गेला, की पाती वाऱ्याच्या रेषेत वळवून ती आपोआप बंद होते, नाहीतर यंत्र मोडेल. म्हणून वादळात पवनचक्की जास्त वीज देते हा समज चुकीचा आहे. वादळात ती थांबलेली असते.

सगळा खेळ वेगाच्या घनाचा

पवनऊर्जेतला सगळ्यात महत्त्वाचा नियम एका ओळीत सांगता येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग गुणिले वेग गुणिले वेग.

हिशेब करून बघू. एका शिवारात वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटर आहे. पाच त्रिक गुणाकार १२५. दुसऱ्या माळावर ७ मीटर आहे. सात त्रिक गुणाकार ३४३. वेगातला फरक फक्त २ मीटरचा, पण ताकद जवळपास पावणेतीनपट. एकच यंत्र, तोच खर्च, तोच पाया, आणि एका जागी उत्पन्न कितीतरी जास्त. कंपनी डोंगरमाथ्यावर कच्चा रस्ता काढून, घाट फोडून पाती वर का नेते, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

दुसरी मर्यादाही लक्षात घ्यावी. वाऱ्यातली सगळी ताकद काढता येत नाही. सगळी काढली तर वारा पात्यामागे थांबेल आणि पुढचा वारा येणारच नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये दाखवून दिलं, की जास्तीत जास्त ५९.३ टक्के ताकदच घेता येते. आजची चांगली यंत्रं प्रत्यक्षात चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत पोचतात.

उंची का वाढत चालली?

जमिनीलगत झाडं, घरं, टेकाडं वाऱ्याला अडवतात. वर जावं तसा वारा मोकळा होतो. उघड्या माळावर जमिनीपासून १० मीटरवर जो वेग असतो, तो १४० मीटरवर साधारण दीडपटीच्या जवळ जातो. घनाचा नियम लावला तर ताकद तिप्पट होते. म्हणून खांब उंच होत गेले आणि पाती लांब.

भारतात व्यापारी वापरासाठी पहिल्या पवनचक्क्या १९८६ मध्ये लागल्या. महाराष्ट्रात रत्नागिरी, गुजरातेत ओखा आणि तमिळनाडूत तुतिकोरिन. ती यंत्रं प्रत्येकी ५५ किलोवॅटची होती. आज भारतात लागणारी नवी यंत्रं ३ मेगावॅट म्हणजे ३,००० किलोवॅटच्या आसपासची आहेत. त्यांच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १४० मीटरच्या पुढे असतो आणि खांबही तेवढाच उंच. म्हणजे तेव्हाच्या पन्नासहून जास्त यंत्रांचं काम आज एक यंत्र करतं.

भैंशाचा वारा कमी का पडतो?

आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. तो अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीला धडकतो. डोंगराच्या कड्यावर चढताना वारा दाबला जातो आणि त्याचा वेग वाढतो. साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार, पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, कोयनेच्या वरचे माथे याच कारणाने पवनचक्क्यांनी भरले. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल, सांगलीत ढालगाव, नगर जिल्ह्यात सुप्याजवळचा कवड्या डोंगर, ही पुढची नावं. अलीकडे बीड, धाराशिवच्या बालाघाट पठारावर काम वाढलं. सगळ्या जागांत एक गोष्ट समान आहे. उंच, उघडं पठार आणि पश्चिमेकडून मोकळी वाट.

भैंसा-मुधोळ-बासर हा पट्टा गोदावरीच्या खोऱ्यातला. सुद्दवागूचं पाणी इथून गोदावरीकडेच जातं. उत्तरेला निर्मळचे डोंगर आहेत, पण बराच शिवार सखल, काळ्या जमिनीचा. समुद्राकडून निघालेला वारा इथे पोचेपर्यंत शेकडो किलोमीटर जमीन ओलांडून आलेला असतो. पावसाळ्यात तो जोरात वाटतो, तरी पवनचक्कीला वर्षभराची सरासरी हवी असते. चार महिने भरपूर आणि आठ महिने मंद, अशा वाऱ्यावर कर्ज फिटत नाही.

राज्याचे आकडेही हेच सांगतात. ३१ मार्च २०२५ ला देशातली पवनऊर्जेची एकूण क्षमता ५० हजार मेगावॅटच्या वर गेली. त्यात गुजरात सुमारे १२,७०० मेगावॅट, तमिळनाडू ११,७०० च्या पुढे, कर्नाटक ७,३०० च्या पुढे आणि महाराष्ट्र ५,३०० च्या आसपास. तेलंगणाची क्षमता फक्त १२८ मेगावॅट. त्यातला मोठा वाटा विकाराबाद जिल्ह्यातल्या परिगी भागाचा, म्हणजे राज्याच्या नैऋत्येकडच्या उंच पठाराचा. तुलनेसाठी सांगायचं तर जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्याच, आता मंचेरियाल जिल्ह्यात असलेल्या जयपूर मंडळातल्या सिंगरेणीच्या एका कोळसा केंद्राची क्षमता १,२०० मेगावॅट आहे.

मग तेलंगणात वाव नाहीच का?

असंही नाही. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था देशभरातल्या वाऱ्याचा अंदाज काढते. तिच्या अंदाजानुसार वेगवेगळ्या उंचीवर चित्र असं बदलतं :

- १०० मीटर उंचीवर : तेलंगणा सुमारे ४ हजार मेगावॅट, महाराष्ट्र सुमारे ४५ हजार.
- १२० मीटरवर : तेलंगणा सुमारे २५ हजार, महाराष्ट्र सुमारे ९८ हजार.
- १५० मीटरवर : तेलंगणा सुमारे ५४ हजार ७००, महाराष्ट्र सुमारे १ लाख ७४ हजार.

वीस मीटर वर गेल्यावर तेलंगणाचा आकडा सहापट होतो. याचा अर्थ, जे शिवार कालच्या यंत्राला परवडत नव्हतं, ते उद्याच्या उंच यंत्राला परवडू शकतं. मात्र 'वाव' म्हणजे 'प्रकल्प' नव्हे. हा कागदावरचा अंदाज असतो. प्रत्यक्ष जागेवर निदान एक वर्ष उंच मनोरा लावून वारा मोजल्याशिवाय कोणी शहाणा सावकार पैसा घालत नाही. कुठल्या शिवारात तारांनी ताणलेला बारीक जाळीदार मनोरा आणि त्यावर फिरणाऱ्या छोट्या वाट्या दिसल्या, तर समजावं की तिथे वारा मोजणं चालू आहे. पवनचक्की लागेलच, असं त्यावरून ठरत नाही.

तेलंगणा सरकारने जानेवारी २०२५ मध्ये नवं स्वच्छ ऊर्जा धोरण आणलं. त्यात २०३० पर्यंत २० हजार मेगावॅट हरित विजेचं उद्दिष्ट आहे. त्यातला मोठा भार सौर विजेवर राहणार, हे राज्याच्या उन्हाकडे बघूनच कळतं. वारा त्याला जोड म्हणून येईल.

सौर असताना वाऱ्याची गरज काय?

सौर वीज दिवसा होते, संध्याकाळी थांबते. नेमके संध्याकाळी सहा ते दहा घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर चालू असतात. वारा रात्रीही वाहतो. शिवाय पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज घटते, त्याच वेळी वारा जोरात असतो. देशातल्या पवन विजेचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच तयार होतो. एकाची कमी दुसरा भरून काढतो, म्हणून केंद्राने २०१८ मध्ये सौर आणि पवन एकत्र लावण्याचं धोरण काढलं.

वाऱ्याची अडचणही याच्याच पोटात आहे. वारा आपल्या मर्जीने येतो. हिवाळ्यात रब्बीच्या पाण्याला मोटारी चालू असतात तेव्हा तो पडलेला असू शकतो. त्यामुळे मागे कोळसा, पाणी किंवा बॅटरीचा आधार ठेवावाच लागतो.

एक पवनचक्की किती वीज देते?

२ मेगावॅटचं यंत्र वर्षभर पूर्ण ताकदीने चाललं तर १ कोटी ७५ लाख युनिट होतील. पण वारा तसा नसतो. भारतात चांगल्या जागी पूर्ण ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढं उत्पादन मिळतं. पाव हिस्सा धरला तर वर्षाला सुमारे ४३ लाख ८० हजार युनिट.

महिन्याला १०० युनिट वापरणारी सुमारे ३,६०० घरं यावर चालतील. किंवा ५ एचपीची मोटार रोज सहा तास, वर्षात २०० दिवस चालवली तर तिला सुमारे साडेचार हजार युनिट लागतात, त्या हिशेबाने साडेनऊशेच्या आसपास मोटारी. अर्थात हा वर्षाचा बेरजेचा हिशेब आहे. ज्या क्षणी मोटार लावायची त्या क्षणी वारा असेलच, असं यात धरलेलं नाही.

पवनचक्की दूर, तरी वीज इथे

भैंशाच्या घरात वाऱ्याची वीज येत नाही, असं समजायचं कारण नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड देशाच्या ग्रीडला जोडलं गेलं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळी वीज एकाच तालावर, म्हणजे ५० हर्ट्झवर चालते. साताऱ्याच्या किंवा तमिळनाडूच्या पठारावर तयार झालेली वीज याच ग्रीडमध्ये पडते. घरात येणारं युनिट कोणत्या केंद्राचं, हे वेगळं काढता येत नाही. एका तळ्यात अनेक नाले मिळावेत, तसं ते आहे.

सीमेवरच्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. १९५६ पर्यंत मुधोळ, भैंसा, कुबीर ही मंडळं नांदेड जिल्ह्यात होती. भाषावार प्रांतरचनेत ती आदिलाबादला जोडली गेली आणि २०१६ पासून निर्मळ जिल्ह्यात आहेत. कागदावर हद्द बदलली तरी सोयरीक, बाजार, बोली दोन्हीकडे चालू राहिली. विजेच्या बाबतीत मात्र हद्दीला अर्थ आहे. इकडे वरंगळची उत्तर वितरण कंपनी, तिकडे महावितरण. दर वेगळे, सवलती वेगळ्या. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज आहे. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना आहे. या सवलतीची वीज कुठून तरी विकतच घ्यावी लागते. म्हणून वाऱ्याची वीज किती रुपयाला पडते, हा शेतकऱ्याच्याही कामाचा प्रश्न आहे.

दर कसे उतरले?

सुरुवातीला सरकार ठरवून दिलेला दर देत असे. महाराष्ट्रात वाऱ्याच्या ताकदीप्रमाणे चार झोन पाडले होते. कमी वाऱ्याच्या झोनला जास्त दर आणि जास्त वाऱ्याच्या झोनला कमी दर. शिवाय यंत्राची घसारा सवलत मिळे, त्यामुळे अनेक कारखानदारांनी कर वाचवायला पवनचक्क्या घेतल्या. २०१७ च्या फेब्रुवारीत देशपातळीवर पहिला लिलाव झाला आणि दर ३ रुपये ४६ पैशांवर आला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तो २ रुपये ६४ पैसे झाला आणि डिसेंबरात गुजरातच्या लिलावात २ रुपये ४३ पैसे. वीज ग्राहकाला ते चांगलं होतं, पण कंपन्यांचा नफा घटला आणि काही वर्षं नवी कामं मंदावली. नंतर दर पुन्हा तीन रुपयांच्या वर गेले.

या उद्योगात पुण्याचं नाव मोठं आहे. तुलसी तांती यांचा कापडाचा कारखाना होता. विजेचं बिल आणि खंडित पुरवठा यांना कंटाळून त्यांनी स्वतःच्या कारखान्यासाठी पवनचक्क्या घेतल्या आणि १९९५ मध्ये सुझलॉन ही कंपनी काढली. तिचं मुख्य कार्यालय पुण्यात आहे. तांती यांचं १ ऑक्टोबर २०२२ ला निधन झालं.

पवनचक्कीमुळे ढग पळतात का?

सातारा, सांगली, धुळ्याकडच्या दुष्काळी गावांत ही तक्रार अनेक वर्षं ऐकू येते. पंखे आले आणि पाऊस गेला, असं लोक म्हणतात. विज्ञान त्याला आधार देत नाही. मोठ्या पवनचक्कीच्या पात्याचं टोक जमिनीपासून सव्वादोनशे मीटरपर्यंत जातं. पावसाचे ढग बहुधा त्याच्या कितीतरी वर सुरू होतात आणि कित्येक किलोमीटर उंच वाढतात. त्यांना बाष्प शेकडो किलोमीटर लांबून येतं. पवनचक्की त्या प्रवाहातला अगदी खालचा, पातळ थर थोडा मंद करते. जमिनीलगतच्या तापमानात थोडा फरक पडल्याचं अभ्यासात दिसलं आहे. पाऊस पळवण्याइतकी ताकद तिच्यात नाही.

पण म्हणून सगळंच निर्धोक आहे, असंही नाही. चाळकेवाडीच्या पठारावर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे दिसलं, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपटीने कमी आहेत. पक्षी कमी झाल्याने सरड्यांची संख्या वाढली होती. एक दुवा हलला की पुढचे हलतात. पात्यांचा आवाज, सकाळ-संध्याकाळ घरावर पडणारी फिरती सावली, डोंगरावर काढलेल्या रस्त्यांमुळे होणारी धूप, हे त्रासही खरे आहेत. म्हणून केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत वस्तीपासून निदान ५०० मीटर अंतर सांगितलं आहे. रस्ता, रेल्वे, इमारत यांच्यापासून खांबाची उंची, अधिक पात्याच्या वर्तुळाचा निम्मा व्यास, अधिक ५ मीटर एवढं अंतर हवं. १४० मीटर खांब आणि १४४ मीटर व्यास असेल तर हे अंतर २१७ मीटर होतं.

पाती हा आणखी एक प्रश्न. यंत्राचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं. लोखंड, तांबं भंगारात जातं, पण फायबरची पाती सहज वितळवता येत नाहीत.

जमीन मागायला कोणी आलं तर

एका पवनचक्कीला पाया, काम करायची जागा आणि रस्ता मिळून काही एकर जमीन लागते. दोन यंत्रांत मात्र अर्धा-पाऊण किलोमीटर किंवा जास्त अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पुढचं यंत्र मागच्याचा वारा खातं. मधल्या जमिनीत पेरणी चालू राहते. सौर प्रकल्पापेक्षा हा फरक मोठा आहे. सौर पॅनेलखाली अख्खं शिवार जातं.

पण पैसा आला की वादही येतात. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या हत्येचा संबंध असल्याचं तपास यंत्रणेने आरोपपत्रात मांडलं. सगळा महाराष्ट्र या घटनेने हादरला. वाऱ्याची वीज स्वच्छ असली तरी तिच्याभोवतीचे व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाहीत, हे सीमेवरच्या गावांनीही ध्यानात ठेवावं.

म्हणून कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी पुढच्या गोष्टी बघाव्यात :

१. विक्री की भाडेपट्टा? मसुदा आपल्याला कळणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा. तेलंगणात कागद तेलुगू किंवा इंग्रजीत येतो. मराठी वाचणाऱ्याने विश्वासातल्या माणसाकडून शब्द न् शब्द समजून घ्यावा.

२. नोंदणी. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो. शंभर रुपयांच्या बॉण्डवरची नोटरी पुरेशी नाही.

३. मालकी. तेलंगणात पट्टादार पासबुक आणि २०२५ पासून धरणीच्या जागी आलेलं भू-भारती पोर्टल, महाराष्ट्रात सातबारा. वारसांची नावं चढलेली नसतील तर आधी ती चढवावीत. दोन्ही राज्यांत जमीन असणाऱ्यांनी दोन्हीकडचे कागद वेगवेगळे तपासावेत.

४. बंदी असलेली जमीन. सरकारने वाटप केलेली असाइन जमीन तेलंगणात १९७७ च्या कायद्याने विकता येत नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या अनुसूचित क्षेत्रात आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला देता येत नाही. असा व्यवहार करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहावं.

५. भाडं आणि वाढ. पंचवीस वर्षांत रुपयाची किंमत खूप उतरते. दरवर्षी किंवा ठराविक वर्षांनी किती टक्के वाढ, हे आकड्यात लिहून घ्यावं. वारा मोजायच्या काळात, काम चालू नसतानाही भाडं मिळणार का, हेही विचारावं.

६. कंपनी गेली तर? यंत्र काढून, पाया फोडून जमीन पूर्ववत कोण करणार आणि त्याची हमी काय, हे कलम असावं. कंपनी दुसऱ्याला विकली गेली तर करार नव्या मालकावर बंधनकारक आहे का, तेही बघावं.

७. रस्ता आणि लाईन. ज्याच्या शेतात पवनचक्की नाही, पण वरून तारा किंवा मधून रस्ता जातो, त्याचं नुकसान बहुधा विसरलं जातं. मोठ्या दाबाच्या वाहिनीसाठी केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई सुचवली आहे. राज्याने काय दर लागू केला आहे, ते महसूल कार्यालयात लेखी विचारावं.

८. ग्रामपंचायत. दलालाच्या तोंडी बोलण्यावर गाव ठरू नये. कंपनीचं नाव, परवानगीचे कागद ग्रामसभेपुढे मागावेत.

घरच्या घरी छोटी पवनचक्की लावावी का?

एक-दोन किलोवॅटच्या छोट्या पवनचक्क्या बाजारात मिळतात. पण भैंशासारख्या ठिकाणी घराच्या गच्चीवर वारा कमी आणि गोंधळलेला असतो. शेजारची भिंत, पाण्याची टाकी, लिंबाचं झाड त्याला अडवतं. घनाचा नियम इथे उलटा बसतो. वेग निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा उरते. फिरणारा भाग असल्याने दुरुस्तीही येते. त्याच पैशात गच्चीवरचं सौर पॅनेल आपल्या भागात जास्त युनिट देतं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदानही आहे. उघड्या टेकडीवरची, झाडाझुडपांपासून लांब असलेली वस्ती असेल तरच छोट्या पवनचक्कीचा विचार करावा आणि तोही आधी वारा मोजून.

आपल्या गावाच्या वाऱ्याचा ढोबळ अंदाज बघायचा असेल तर राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा नकाशा आणि जागतिक बँकेच्या मदतीने डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाने केलेला जागतिक पवन नकाशा, दोन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात. चाळकेवाडीच्या पठारावर बोट ठेवून आकडा बघावा, मग भैंशावर ठेवावं. पवनचक्क्या तिकडे का आणि इकडे का नाहीत, ते त्या दोन आकड्यांत दिसतं. आणि उद्या कोणी 'तुमच्या शिवारात सोन्यासारखा वारा आहे' म्हणत जमीन मागायला आला, तर त्याला पहिला प्रश्न विचारावा : वारा किती उंचीवर, किती महिने मोजला आणि तो कागद कुठे आहे?